अर्लच्या बहिणीचं माहेर

लग्नानंतर दोन महिन्यांत मी नवऱ्याबरोबर जपानला आले. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. त्याला तोक्योजवळच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती आणि आम्ही इचिकावाला एका लाकडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. पुण्याहून इतिहासात एम.ए. केलेल्या बाईने तिथे काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिलं वर्ष मी भाषा शिकण्यात आणि कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा, हे पाठ करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचं आरुबाइतो, म्हणजे फावल्या वेळचं काम धरलं. आणि तिसऱ्या वर्षी, अगदी अनपेक्षितपणे, माझी गाठ एका इंग्रज सरदाराशी पडली.

ती घालून दिली सेन्सेईंनी, म्हणजे सरांनी. तोक्योच्या एका विद्यापीठात ते मध्ययुगीन इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. साठीच्या आसपासचे, बारीक, कायम तपकिरी स्वेटर घालणारे. मी त्यांच्याकडे गेले होते ती खरं तर मराठ्यांच्या इतिहासावर काम करायला कोणी मार्गदर्शक मिळेल का, एवढं विचारायला. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मराठ्यांचं मला काहीच माहीत नाही. मला फक्त इंग्लंडचे सरदार माहीत आहेत. तुम्हाला लॅटिन शिकायचंय का?"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं ते मलाही सांगता येत नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसतच सुटला. "म्हणजे भारतातून जपानला यायचं, आणि जपानीतून लॅटिन शिकून इंग्रजांचा अभ्यास करायचा?"

"हो," मी म्हटलं, "तसंच."

"मग कर," तो म्हणाला. "सोपं असतं तर तू केलंच नसतंस."

तर हा अर्ल. अर्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा मोठा सरदार, आपल्याकडच्या एखाद्या जहागीरदारासारखा. आमचा अर्ल तेराव्या शतकातला, इंग्लंडच्या उत्तरेकडचा. बापाचा तिसरा मुलगा. त्याच्या वाटणीला काहीच यायचं नव्हतं, पण थोरले दोघे भाऊ तरुणपणीच गेले आणि विशीतल्या या पोराच्या डोक्यावर किल्ला, गावं, विधवा आई आणि लहान बहीण असा सगळा संसार येऊन पडला. पुढे सरदारांनी राजाविरुद्ध बंड केलं. अर्ल आधी बंडखोरांबरोबर होता. त्याच्या बहिणीचा नवराही त्यांच्यातच. पण शेवटच्या मोठ्या लढाईआधी अर्ल राजाला जाऊन मिळाला. मेहुणा मात्र मागे हटला नाही आणि त्या लढाईत मारला गेला. राजाने त्याची जमीन जप्त केली. आणि मग अर्लने राजाच्या खजिन्यात भरपूर पैसा भरून ती जमीन आणि मेहुण्याची मुलं, दोन्हींचं पालकत्व स्वतःकडे घेतलं.

इतिहासकारांनी त्याला कधीच माफ केलं नव्हतं. एकाने त्याला वाऱ्यावरचं पीस म्हटलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं की त्याने आधी मित्रांना विकलं आणि मग मेहुण्याचं घर गिळलं. सेन्सेईंचंही मत फारसं वेगळं नव्हतं. "हुशार माणूस," ते म्हणायचे, "पण आवडण्यासारखा नाही."

मला तो आवडायचा. त्याला काही आधार नव्हता. एवढ्या लहान वयात एवढं सगळं अंगावर पडलेला माणूस इतका सरळसोट वाईट असेल, हे मनाला पटत नव्हतं, इतकंच. पण मनाला पटत नाही म्हणून कोणी डॉक्टरेट देत नाही.

चार वर्षं मी त्या अर्लबरोबर काढली. आणि प्रबंध अर्धामुर्धा झालेला असताना मला दिवस राहिले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजीबाई राहायच्या. कचरा कसा वेगळा करायचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि चुकलं तर पिशवी परत दाराशी आणून ठेवायलाही त्या कमी करायच्या नाहीत. माझं पोट दिसायला लागलं तशा एक दिवस जिन्यात थांबून म्हणाल्या, "ओकुसान, सातोगाएरी कधी?"

ओकुसान म्हणजे वहिनी, पण सातोगाएरी हा शब्द मला कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. सातो म्हणजे गाव, माहेर. गाएरी म्हणजे परत जाणं. बाळंतपणाला बाई आईकडे जाते, ते सातोगाएरी.

"आमच्याकडेही अगदी असंच असतं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"असणारच," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला दुसरीकडे कुठे जाणार?"

मी जिना चढून वर आले, चहाचं आधण ठेवलं आणि गॅस तसाच बंद केला. दुसरीकडे कुठे जाणार? अर्लची बहीण तिच्या लग्नानंतर दोनदा भावाच्या किल्ल्यात मुक्कामाला असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. विद्वानांनी त्याचे काय काय अर्थ लावले होते! नवऱ्याशी पटत नव्हतं. अर्लने मेहुण्यावर वचक ठेवायला बहिणीला ओलीस ठेवलं होतं. आणि तिचे दोन्ही मुलगे त्याच मुक्कामांत जन्मले, हे तर जुन्या छापील नोंदींतच होतं.

हे कळायचं कारण असं की त्या काळी जन्माची नोंद नसायची. सरदाराचा पोरका मुलगा मोठा झाला की जमीन परत मिळवण्यासाठी त्याला आपलं वय सिद्ध करावं लागे. मग बारा शेजारीपाजारी शपथेवर सांगत, हा अमुक साली जन्मला, मला आठवतं, कारण त्याच आठवड्यात माझ्या भावाचं लग्न झालं, किंवा मी झाडावरून पडून हात मोडून घेतला. दोन्ही मुलग्यांच्या अशा साक्षी होत्या. सगळ्यांनी त्या वाचल्या होत्या, पण वय बघायला. जन्म कुठे झाला, याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिची धाकटी मुलगी होती, तिच्याबद्दल तर कोणी काही लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सेईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. "ती ओलीस नव्हती. ती बाळंतपणाला माहेरी आली होती!"

त्यांनी सावकाश माझ्यासाठी चहा ओतला.

"चांगलं आहे," शेवटी म्हणाले. "पण यातून काय सिद्ध होतं? अर्लची आई तेव्हा किल्ल्यातच राहत होती. मुलगी आईकडे आली. म्हणजे अर्लला आई होती. ती सगळ्यांनाच असते. तो स्वतः कसा माणूस होता, हे यातून कसं कळणार?"

स्टेशनपर्यंत मी पाय ओढत गेले.

मला स्वतःला मात्र सातोगाएरी जमणार नव्हती. शिष्यवृत्तीच्या अटीमुळे इतके महिने देशाबाहेर राहता येत नव्हतं. तेव्हा आईच इकडे आली. ती साताऱ्याला टेलिफोन ऑफिसात होती, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. साठवलेली सगळी रजा काढून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ती नारिताला उतरली. बॅगेत डिंक, अळीव, खारीक आणि चिवडा. कस्टमच्या माणसाने अळिवाची पिशवी उघडून विचारलं असावं, तर तिने पोटावरून हात फिरवून आणि बाळ झोपवल्याचा अभिनय करून दाखवला म्हणे. त्याने वाकून नमस्कार करून तिला सोडलं.

"काही भाषाबिषा लागत नाही," ती टॅक्सीत मला म्हणाली.

मुलगी झाली. इचिकावाच्या त्या छोट्या रुग्णालयात नर्सने तिला माझ्या कुशीत ठेवलं, तेव्हा खिडकीबाहेर नदीचा बांध आणि त्यावरून सायकली जाताना दिसत होत्या. नवरा काचेपलीकडून वेड्यासारखा हात हलवत होता. घरी आल्यावर आईने सगळा ताबा घेतला. सकाळी बाळाची मालीश, अंघोळ, मग मला अळिवाची खीर. आणि बाळ झोपलं की म्हणायची, "हं, सांग. त्या तुझ्या अर्लचं पुढे काय झालं?"

मी सांगायचे. तिला तो इतिहास वाटतच नसे. साताऱ्यातल्या एखाद्या ओळखीच्या घराबद्दल ऐकावं तशी ती ऐकायची, मध्येच थांबवून विचारायची. आई किती वर्षांची होती? बहिणीला सासू होती का? भावजय कशी होती? मेहुणा मेला तेव्हा मुलं केवढी होती?

"मोठा सात-आठ वर्षांचा, मधला पाच. आणि धाकटी मुलगी बापाच्या मागे जन्मली."

आई दुपटी घडी करत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे नवरा गेला तेव्हा ती गरोदर होती?"

"हो."

"आणि तिची आई?"

"ती त्याच्या आधीच्या वर्षी वारली होती."

"मग ते तिसरं बाळंतपण कुठे झालं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

"माझे आई-वडील माझ्या लग्नाआधीच गेले," आई म्हणाली. "तुझ्या वेळी मी माझ्या भावाकडे गेले. तुझी मामी स्वतः पाच महिन्यांची होती, तरी माझ्यासाठी डिंक तळत बसायची. तू मामाच्या घरी जन्मलीस, ठाऊक आहे ना? आई असताना कोणीही माहेरी जाईल गं. आई गेल्यावर भाऊ दार उघडतो की नाही, ते बघायचं असतं."

ती उगाच डोळे पुसायला लागली, आणि मग म्हणाली, "तुझ्या सरांना विचार ना."

"तूच विचार," मी म्हटलं.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही तिघी निघालो. आई, मी आणि छातीशी बांधलेली माझी लेक. सोबू लाईनच्या गाडीत एका बाईने आईला जागा दिली आणि उतरेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. सेन्सेईंच्या खोलीत बाळ कधी आलंच नव्हतं. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, मग खुर्चीवरचे कागद काढून तिथे आईला बसवलं. आईने चिवड्याचा डबा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. हे तिला मी शिकवलं होतं. आणि मग जे शिकवलं नव्हतं ते तिने केलं. सरळ मराठीत म्हणाली, "सर, मला तुम्हाला एक विचारायचंय."

मी जपानीत सांगितलं. सेन्सेईंनी मान झुकवली.

"नवरा राजाच्या विरुद्ध लढताना मेला," आई म्हणाली. "भाऊ राजाच्या बाजूने. आई जिवंत नाही. पोटात मूल. मग ही बाई गेली कुठे?"

मी भाषांतर केलं. सेन्सेई माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते. "तुमच्याकडे आईच्या भावाला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"मामा," आई म्हणाली, "आणि बापाचा भाऊ असेल तर काका. तुमच्याकडे?"

"दोघांनाही ओजीच," ते म्हणाले. "इंग्रजीतही एकच शब्द. लॅटिनमध्ये मात्र तुमच्यासारखे दोन आहेत. आईच्या भावाला आवुंकुलुस." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटले, "मुलगी. मुलगी शेवटी वारस झाली होती. भाऊ दोघेही निपुत्रिक गेले. पण तिच्या वाटणीची जमीन दुसऱ्या परगण्यात होती, म्हणजे तिच्या वयाची साक्षही तिथल्याच नोंदींत असणार…"

ते उठले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक जाड लॅटिन खंड काढला. तरुणपणी लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेला. त्या परगण्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं, त्यामुळे अर्ध्याहून जास्त पानं अजून कडेने जोडलेलीच होती. त्यांनी कागद कापायची सुरी घेतली. सुरीचा खरखर आवाज येत होता, बाळ चुळबुळ करत होतं, आणि आम्ही दोघी त्या पानांकडे बघत होतो.

"हं," सेन्सेई म्हणाले. "आहे."

बारा साक्षीदार होते. सेन्सेई एकेक ओळ लॅटिनमध्ये मोठ्याने वाचत, मग जपानीत सांगत, आणि मी आईला मराठीत. पहिला म्हणाला, मला आठवतं, त्या आठवड्यात माझा बैल विहिरीत पडला. दुसऱ्याच्या पोराचं त्याच दिवशी बारसं होतं. आई म्हणाली, "पुढे, पुढे."

पाचवा साक्षीदार त्या काळी अर्लच्या किल्ल्याचा पहारेकरी होता.

"तो म्हणतो," मी सांगू लागले, "की बाईसाहेब संध्याकाळी घोड्यावरून आल्या. दिवस भरलेले होते. बरोबर दोन मुलगे आणि एक दासी. बंडखोरांच्या माणसांना आसरा देऊ नये, असा राजाचा हुकूम होता. म्हणून मी दार उघडलं नाही. वर निरोप पाठवला."

"अगं बाई," आई म्हणाली.

सेन्सेई वाचत होते. त्यांचा आवाज जरा बदलला होता. आवुंकुलुस, हा शब्द मला भाषांतराआधीच ऐकू आला, आणि आईलाही. "मामा!" ती म्हणाली.

"मामा स्वतः खाली आले," मी म्हटलं. "डोक्यावर टोपी नाही, अंगात झगा नाही, तसेच. त्यांनी स्वतःच्या हाताने दाराचा अडसर काढला, बहिणीच्या घोड्याचा लगाम धरला आणि पायी चालत तिला आत घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. चर्चमध्ये बाळापुढे आजीने मेणबत्ती धरायची असते. आजी नव्हती, म्हणून मामांनी धरली. आणि मला तो दिवस पक्का आठवतो, कारण मी दार उघडलं नाही म्हणून ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मला हुकूम पाळल्याबद्दल नवा अंगरखा दिला."

आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. माझ्याही. सेन्सेईंनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "तीस वर्षं मी या माणसाबद्दल शिकवतो आहे. चुकीचं शिकवत होतो."

मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे हो सर. आता बरोबर शिकवा."

हे मी भाषांतर करावं की नाही, क्षणभर कळेना. पण केलं. सेन्सेई इतक्या मोठ्याने हसले की बाळ दचकून रडायला लागलं, आणि मग त्यांनी चिवड्याचा डबा उघडला.

त्यानंतर सगळं काम जणू उतारावरून सुटलं. दार उघडणाऱ्या त्या मामाला धरून मी जुनं सगळं परत वाचलं. जमिनीचं पालकत्व त्याने घेतलं होतं, कारण नाहीतर राजा ते कुठल्यातरी परक्याला देणार होता. भाचा वयात आल्यावर त्याने पूर्ण जमीन परत केली होती, पडकी गिरणी दुरुस्त करून. भाचीच्या लग्नात आपलं एक गाव तिला दिलं होतं. तो राजाला का मिळाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तसं मी प्रबंधात स्पष्ट लिहिलं. पण तो मेहुण्याचं घर गिळणारा माणूस नव्हता, हे आता कोणालाही दाखवता येत होतं.

आई साताऱ्याला परतली. पुढच्या वर्षी वसंतात माझी तोंडी परीक्षा ठरली. लांबट टेबलापलीकडे सेन्सेई धरून पाच प्राध्यापक, सगळे पुरुष, सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे. नवऱ्याने रजा काढली होती आणि तो लेकीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होता.

पाचांपैकी एक कायद्याच्या इतिहासाचे होते, दुसऱ्या विद्यापीठातून आलेले. त्यांची मला भीती घातली होती सगळ्यांनी. त्यांनी माझ्या प्रबंधाला पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लावून आणली होती. दीड तास ते जमिनीच्या कायद्यावर विचारत राहिले. मी एकेक उत्तर देत गेले. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तुम्ही भारतीय आहात. बाळंतपणाला माहेरी जाणं ही तुमच्याकडची रीत. ती तुम्ही इंग्लंडवर लादली आहे, असं मी म्हटलं तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रंदिवस मी त्याचं जपानी उत्तर घोकलं होतं. आणि त्या क्षणी ते सगळं पार विसरले.

"मी भारतीय आहे, म्हणून मला हा प्रश्न सुचला," मी म्हटलं. "खरं तर मलाही नाही, माझ्या आईला सुचला. पण उत्तर आम्ही दोघींनी दिलेलं नाही. ते पहारेकऱ्याने शपथेवर दिलंय. सगळ्या इंग्रज बायका माहेरी जात होत्या, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ही एक बाई तीनदा गेली, आणि तिसऱ्यांदा तिची आई नव्हती. दार भावाने उघडलं. एवढंच माझं म्हणणं आहे. ते खोडायला साक्ष खोटी ठरवावी लागेल. सर, तुम्हाला तसं वाटतं का?"

सेन्सेई आपल्या चहाच्या कपात बघत होते, त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही," कायद्याचे प्राध्यापक म्हणाले. "मला तसं वाटत नाही." आणि मग, ज्याची मी स्वप्नातही अपेक्षा केली नव्हती, ते किंचित हसले. "मीही आईच्या गावीच जन्मलो. आओमोरीला. माझ्या मामाने बर्फातून सुईण आणली होती, असं आई सांगायची."

त्यांचं ऐकून शेजारचे म्हणाले, "मी नागानोला." टोकाचे सगळ्यात वयस्कर होते, ते म्हणाले, "माझी आई माहेरी जायला निघाली आणि मी आगगाडीतच झालो." सगळे हसायला लागले. पाच म्हातारे प्राध्यापक आपापला जन्म कुठे झाला ते एकमेकांना सांगत होते, आणि मी त्यांच्यासमोर उभी, हसावं की रडावं कळत नव्हतं. बाहेरून माझ्या लेकीचा किंकाळीसारखा आवाज आला. कायद्याचे प्राध्यापक म्हणाले, "तिला आत बोलवा. परीक्षा संपली."

मला बाहेर थांबायला सांगायलाही ते विसरले होते. निकाल त्यांनी माझ्या तोंडावरच दिला. नवरा लेकीला कडेवर घेऊन दारात आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने लेकीचा हात धरून वर केला, शर्यत जिंकलेल्या खेळाडूचा करतात तसा. सेन्सेईंनी पुढे येऊन मला वाकून नमस्कार केला. बरोबरीच्या माणसाला करतात तो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी वाकले की केसांची पिन खाली पडली.

स्टेशनजवळच्या टेलिफोनवरून साताऱ्याला फोन लावला. आईच्या ऑफिसातच लागला तो, आणि तिने उचलल्याबरोबर मी ओरडले, "झालं! झालं गं आई!"

मग तिने फोन बाजूला धरून ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "माझी मुलगी डॉक्टर झाली! जपानात!" मागून टाळ्या ऐकू आल्या. माझं टेलिफोन कार्ड संपेपर्यंत आम्ही दोघी काय बोललो, ते मला आठवत नाही.

दशक संपता संपता इंग्लंडमध्ये त्या काळावर एक नवा जाडजूड ग्रंथ आला. सेन्सेईंनी तो मागवून घेतला आणि खूण घालून माझ्याकडे पाठवला. अर्लबद्दल त्यात अर्धं पान होतं. वाऱ्यावरचं पीस नव्हतं, गिळलेलं घर नव्हतं. लिहिलं होतं की बहिणीच्या मुलांचा त्याने सांभाळ केला, असं अलीकडच्या संशोधनातून दिसतं. खाली तळटीप, बारीक टाइपात, आणि तळटिपेत माझं नाव. आडनावात एक अक्षर चुकलेलं.

नवरा म्हणाला, "पत्र लिही त्यांना. दुरुस्त करायला सांग."

"राहू दे," मी म्हटलं, आणि ते पान लेकीला दाखवायला आतल्या खोलीत गेले. ती तीन वर्षांची होती. तिने जपानीत विचारलं, यात चित्र कुठे आहे?